अकरा बाळांचा खुलासा

आरोग्य खात्यात नोकरी केली असं सांगितलं की लोक लगेच आपलं दुखणं काढतात. एकदा नेकनूरच्या एसटीत शेजारच्या म्हाताऱ्याने सदरा वर करून पाठीवरची गाठ दाखवली. मी म्हणालो, "बाबा, मी डॉक्टर न्हाई. आकडेवाला हाय." तर तो सदरा खाली ओढत म्हणाला, "मटक्याचा?"

मी सांख्यिकी सहायक होतो. तालुक्यातल्या सगळ्या उपकेंद्रांचे मासिक तक्ते माझ्याकडे यायचे. किती बाळंतपणं, किती लशी, किती ताप, किती विंचूदंश. त्यांच्या बेरजा करायच्या, टक्के काढायचे आणि वर पाठवायचे. सुईला हात न लावता मी आरोग्य खात्यात तीस वर्षं काढली.

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलेलं नव्हतं. वडील बीडच्या धान्याच्या मोंढ्यात हमाल होते. मला नोकरी लागली तेव्हा ते म्हणाले, "समदं खरं, पण तू मोजणार काय?" मी म्हणालो, "जन्म, मृत्यू, आजार." ते म्हणाले, "मंग नीट मोज. पोतं चुकलं तर आडत्या भरून देतो. हे कोण भरून देणार?"

हे वाक्य मी अनेकांना कौतुकाने सांगत असे. ते मला समजलं मात्र फार उशिरा, एका नर्सबाईंमुळे. तेवढंच सांगण्यासाठी हा लेख.

आमच्या जिल्ह्यात एका आकड्याला फार वजन आहे. हजार मुलगे जन्मले तर त्याच काळात मुली किती जन्मल्या, तो हा आकडा. निसर्गात मुलगे किंचित जास्त जन्मतात, म्हणजे तो आकडा हजाराच्या थोडा खाली असतो. त्याहून बराच खाली गेला, की कुठेतरी पोटातली मुलगी ओळखून ती पाडली जाते असा संशय घ्यावा लागतो. आमच्याकडे हा संशय उगाच नाही. त्यामुळे दर महिन्याच्या बैठकीत हा आकडा गावोगाव काढून मांडायचा असा हुकूम होता, आणि तो मांडणारा मी होतो.

मी काम मनापासून केलं. संगणक आल्यावर तर फारच. सगळी गावं आकड्याप्रमाणे लावायची, खालची पाच लाल करायची, वरची पाच हिरवी. लाल गावांच्या नर्सला नोटीस, हिरव्या गावांच्या नर्सला वर्षाअखेरी शाल आणि नारळ. पडद्यावर माझी रंगीत यादी झळकली की सभागृह गप्प व्हायचं. मोंढ्यातल्या हमालाच्या पोराने केलेली यादी, आणि डॉक्टर लोक ती मान वर करून बघतायत. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

कधी गमती व्हायच्या. एका वस्तीवर सहा महिन्यांत एकच बाळ जन्मलं, मुलगा. हजार मुलांमागे मुली शून्य. वरून फोन आला, "शून्य? ताबडतोब खुलासा घ्या." मी तिथल्या आशाताईला फोन लावला. ती म्हणाली, "सायेब, एकच लेकरू झालंय. आता त्याला अर्धी पोरगी कसं करू?" पुढच्या खेपेला तिथे एक मुलगी झाली, मुलगा एकही नाही. तेव्हा संगणकाने भागाकार करायलाच नकार दिला. आम्ही सगळे पोटभर हसलो. हसण्याऐवजी थांबून विचार करायला हवा होता.

सिरसट सिस्टर घाटावरच्या एका वाडीचं उपकेंद्र बघायच्या. वाडीचं नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांनी पुरेसं सोसलं आहे. सिस्टर कंत्राटी होत्या. अकरा महिन्यांनी करार संपायचा आणि तालुका आरोग्य अधिकारी साहेबांच्या सहीने पुन्हा सुरू व्हायचा. अंगाने बारीक, बोलणं ठसक्याचं. आदल्या वर्षी त्यांच्या वाडीत दहा जन्म झाले होते, चार मुलगे आणि सहा मुली. माझ्या यादीत हजारामागे पंधराशे! वाडी हिरव्या रंगात सगळ्यांत वर. सिस्टरना निळी शाल मिळाली, टाळ्या झाल्या, फोटो निघाला.

पुढच्या वर्षी त्याच वाडीत अकरा जन्म झाले. आठ मुलगे, तीन मुली. हजारामागे तीनशे पंच्याहत्तर. वाडी लाल रंगात सगळ्यांत खाली.

नोटिशीत लिहिलं होतं की गर्भलिंग निदानाच्या प्रकारांकडे आपण दुर्लक्ष केल्याचे दिसून येते, तीन दिवसांत लेखी खुलासा करावा, अन्यथा कराराच्या नूतनीकरणाचा विचार केला जाणार नाही. मसुदा ठरलेला होता. मी फक्त गावाचं नाव आणि आकडा भरला होता.

दुसऱ्या दिवशी सिस्टर माझ्या टेबलापुढे उभ्या. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत नोटीस आणि जन्माचं रजिस्टर.

"सर, ही यादी तुमीच करता ना?"

"हो."

"मंग मला एवढंच सांगा." त्यांनी रजिस्टर उघडून माझ्यापुढे सरकवलं. "ही अकरा लेकरं. ह्यातलं कोणतं लेकरू पोरगी व्हायला पायजे होतं, तेवढं बोट ठेवून दाखवा."

मी रजिस्टरकडे बघत राहिलो. अकरा ओळी होत्या. आईचं नाव, वजन, वेळ. वर्षभर मी ज्याला आकडा म्हणत होतो ती ही अकरा लेकरं.

"सिस्टर, तसं नसतं. ही पद्धत आहे."

"पद्धत?" त्या खुर्चीत बसल्या. "काल एका गरोदर बाईला तिची सासू म्हणली, तिच्याकडं जाऊ नको, तिचं नाव वंगाळ कामात आलंय. सात महिन्यांची हाय ती, अंगात रक्त न्हाई. ती मला दार उघडंना. आता तिला काय झालं, तर ते कोणत्या पद्धतीत बसतं?"

करार जाण्याचं भय त्यांना होतंच. घरात दोन मुलींची शिक्षणं चालू होती, ते मला माहीत होतं. पण त्या दिवशी त्या बोलल्या त्या बंद दाराबद्दल. मला पाणी प्यावंसं वाटलं. ग्लास शिपायाने भरून ठेवलेला होता, तरी उठून माठापर्यंत गेलो.

माठापाशी मला सोनवणे सर आठवले. बीडच्या कॉलेजात त्यांनी आम्हाला संख्याशास्त्र शिकवलं. निकाल सांगण्याआधी दोन प्रश्न विचारा, असं ते म्हणत. किती दाण्यांवरून बोलताय? आणि एक दाणा इकडचा तिकडे झाला तर तुमचं बोलणं बदलतं का? परीक्षेत मी हे छान लिहून गुण घेतले होते. नोकरीत एकदाही विचारलं नव्हतं.

परत येऊन मी कागदावर हिशोब मांडला. अकरातलं एकच बाळ मुलाऐवजी मुलगी झालं असतं, तर सात मुलगे आणि चार मुली, म्हणजे हजारामागे पाचशे एकाहत्तर. एका बाळाने आकडा जवळपास दोनशेंनी उडी मारत होता. मग मी गेल्या चार वर्षांच्या याद्या काढल्या. लाल गावं लहान होती. हिरवी गावंही लहानच होती. वर आणि खाली, दोन्हीकडे दहा-बारा जन्मांच्या वाड्या, आणि त्या दर वर्षी जागा बदलत होत्या. मोठी गावं कायम मधे, निवांत. चार वर्षं मी वाऱ्याने हलणारी पानं मोजून वर कळवत होतो.

सिस्टरना मी हे सांगितलं. त्यांना ते पटकन कळलं. त्या म्हणाल्या, "मग माझ्याकडं आणखी लेकरं हायत." पिशवीतून त्यांनी एक शाळेची वही काढली. वाडीतली निम्मी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. ज्या बायका तिकडे फडावर बाळंत होतात त्यांची नोंद तिकडच्या दवाखान्यात होते, आमच्या तक्त्यात येतच नाही. सिस्टर मात्र टोळ्या परत आल्या की घरोघर जाऊन ती बाळं बघायच्या, वजन घ्यायच्या आणि या वहीत लिहायच्या. कोणी सांगितलेलं नव्हतं. त्या वर्षी अशी नऊ बाळं होती, तीन मुलगे आणि सहा मुली.

"आठ अन् तीन अकरा. तीन अन् सहा नऊ. अकरा मुलगे, नऊ मुली!" त्यांचा चेहरा उजळला. "हे लावा की सर खुलाशाला. सुटलो!"

ते लावलं असतं तर खरंच सुटलो असतो. साहेबांनीही फार खोलात न जाता सही केली असती. मी पेनाचं टोपण काढलंही.

"सिस्टर, ही बाळं वाडीची आहेत, ती मोजायलाच हवीत. पण एक सांगा. ह्या नऊमध्ये सहा मुलगे असते, तर तुम्ही वही दाखवली असती?"

त्यांनी वही मिटली.

"आणि तसे असते तर तुम्ही गुन्हेगार ठरला असता का? नऊसुद्धा थोडीच आहेत. वीससुद्धा थोडीच. ह्या वहीवर तुम्हाला सोडवलं, तर पुढच्या वर्षी अशीच वही तुम्हाला अडकवील."

"तुमी माझ्या बाजूचे हाय का त्यांच्या, तेच कळंना मला." त्यांनी वही पिशवीत टाकली. "तीन दिवस हायत. त्यातला एक गेला." आणि त्या निघून गेल्या.

खरं सांगतो, त्या दिवशी मला माझाच राग आला. अडकवताना मी एवढा विचार केला नव्हता, आणि सोडवताना मला शास्त्र आठवत होतं.

साहेबांना सूत्र दाखवून उपयोग नव्हता. ते वाईट नव्हते, पण डॉक्टर होते. डोळ्यांना दिसेल तेच खरं मानणारे. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच मी ग्रामीण रुग्णालयात गेलो आणि प्रसूतिगृहाचं दोन वर्षांपूर्वीचं जाडजूड रजिस्टर मागून आणलं. एकाच दवाखान्यात, एकामागोमाग झालेली बाळंतपणं. पहिल्या ओळीपासून मी अकरा-अकरा बाळांचे पुंजके पाडत गेलो. अकरा झाली की पेन्सिलने आडवी रेघ. बाजूला लिहायचं, किती मुलगे, किती मुली. जणू प्रत्येक पुंजका म्हणजे एक वाडी. अशा चाळीस वाड्या पाडल्या.

तिसऱ्या दिवशी मी ते रजिस्टर घेऊन साहेबांपुढे उभा राहिलो. सिस्टरचा करार त्यांच्या टेबलावर डाव्या हाताला होता, सहीविना.

"साहेब, ह्या चाळीस वाड्या आहेत. सहा वाड्यांत अकरापैकी आठ किंवा जास्त मुलगे आहेत. चार वाड्यांत आठ किंवा जास्त मुली. कोणाकोणाला नोटीस काढू आणि कोणाला शाल देऊ?"

"कुठल्या वाड्या ह्या?"

"आपल्याच रुग्णालयाचं रजिस्टर आहे. फक्त रेघा माझ्या."

त्यांनी चष्मा लावला. एक पुंजका मोजला. माझं खरं आहे की नाही बघायला पान उलटलं आणि स्वतःच मधूनच कुठूनतरी अकरा मोजायला लागले. चार मुलगे, सात मुली. पुन्हा दुसरीकडून. सात आणि चार. तिसऱ्यांदा मोजताना त्यांचं बोट खाली येत गेलं, मुलगा, मुलगा, मुलगी, मुलगा, मुलगा... शेवटी नऊ मुलगे आणि दोन मुली. बोट तिथेच थांबलं. त्यांनी पानाच्या कोपऱ्यातली सही वाचली.

"अरे, ह्या आठवड्यात तिथे डॉक्टर नव्हता, ड्युटी मीच केली होती."

मी त्या अकरा ओळींखाली पेन्सिलने रेघ मारली.

"नऊ आणि दोन," ते स्वतःशीच म्हणाले. "म्हणजे तुमच्या यादीप्रमाणे मी तर सिस्टरच्याही खाली." आणि ते मोठ्याने हसले. मी पाच वर्षांत त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. मग एकदम गंभीर झाले. "पण मग तुमचं म्हणणं काय? तालुक्यात गडबड नाहीच?"

"तसं म्हणत नाही, साहेब. अकरा बाळांवरून गडबड आहे हेही कळत नाही आणि नाही हेही कळत नाही. सिस्टरना मी निर्दोष म्हणत नाही. त्यांच्याविरुद्ध आपल्याकडे काहीच नाही, एवढंच म्हणतो. ह्या रजिस्टरातले सगळे पुंजके एकत्र करा. मुलगे-मुली जवळजवळ बरोबरीने येतात, निसर्गात येतात तसे. लहान वाड्या अशाच एकत्र करून बघायला हव्यात, पाच-पाच वर्षांच्या. तेव्हा वारा शांत होतो. त्यानंतरही जिथे मुली कमी दिसतील, तिथे खरंच बघायला जावं लागेल."

"अशी जागा आहे?"

मी तो कागद शेवटी ठेवला होता. एक मोठं गाव, बाजाराचं. तिथे पाच वर्षांत शेकड्यांनी जन्म झाले होते. दर वर्षी मुली थोड्या कमी. फार नाही, पण दर वर्षी, न चुकता. माझ्या यादीत ते गाव कधीच लाल झालं नव्हतं, कारण तळाच्या पाच जागा दर वेळी लहान वाड्याच अडवायच्या. मी वाड्यांना खुलासे मागत होतो आणि ते गाव मधे निवांत बसून होतं.

साहेबांनी त्या कागदावरच्या बेरजा स्वतः करून पाहिल्या. नंतर तिथे तपासणी गेली. ते काम माझ्या टेबलाचं नव्हतं, त्यामुळे त्याबद्दल जास्त लिहीत नाही. पण ती चार वर्षं माझ्या हिशोबात राहिली आहेत. त्या काळात तिथे जन्मू शकल्या असत्या अशा मुली किती, ते मला काढता येतं. मी काढलेलं नाही.

साहेबांनी करारावर सही केली. नोटीस मागे घेतल्याचं पत्र मीच टाइप केलं. आयुष्यात इतकी पत्रं टाइप केली, पण बोटं अशी हलकी कधी पडली नव्हती. शिक्का मारून मी सिस्टरना फोन लावला.

"सिस्टर, नोटीस रद्द. करारही झाला."

त्या हळूच म्हणाल्या, "कागदावर हाय का?"

"हो, शिक्क्यासकट."

"मंग फोटो न्हाई, कागदच द्या. मी येते न्यायला. त्या सासूबाईला वाचून दाखवायचाय."

त्या आल्या, पत्र घेऊन गेल्या, आणि त्या सासूबाईंनी दार उघडलं. सुनेचं रक्त वाढवायच्या गोळ्या, मग इंजेक्शनं, सगळं वेळेवर झालं. बाळंतपण उपकेंद्रातच झालं. मला हे त्या वाडीच्या आशाताईकडून कळलं तेव्हा मी ऑफिसात उगाचच सगळ्यांना चहा सांगितला. शिपाई म्हणाला, "सायेब, कोणाचं बारसं?" मी म्हणालो, "माझंच समज."

बैठकीतली यादी बदलली. आता लहान वाड्या एकत्र, वर्षं एकत्र, आणि खाली माझी तळटीप की इतक्यापेक्षा कमी जन्म असतील तर निष्कर्ष काढू नये. ऊसतोडीवरच्या बाळांसाठी वेगळा रकाना आला, सिस्टरच्या वहीवरून उचललेला. पडदा पूर्वीइतका रंगीत दिसेना. सभागृहात कोणी दचकेना. एक अधिकारी म्हणाले, "तुमच्या यादीत आता मजा राहिली नाही." मला ती शाबासकी वाटली.

मग साधारण महिन्याभराने सिरसट सिस्टर पुन्हा माझ्या टेबलापुढे. हातात तीच प्लास्टिकची पिशवी. त्यांनी पिशवीतून घडी घातलेली निळी शाल काढून माझ्या कागदांवर ठेवली.

"ही माघारी घ्या."

"का हो? ही तर तुमची आहे. मानाची."

"कावून माझी? तुमीच म्हणलात ना, अकरा लेकरांवरून काय कळत न्हाई? मंग दहावरून कसं कळलं?"

शेजारच्या टेबलावरचा क्लार्क हसायला लागला. तीस वर्षांत माझं गणित इतकं सरळ कोणी माझ्यापुढे ठेवलं नव्हतं. नोटीस खोटी ठरली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं, पण शालीचा विचार माझ्याही मनात आला नव्हता. गोड निकाल कोणी तपासत नाही, मीही नाही.

"सिस्टर, शाल परत घ्यायचं रजिस्टरच नाही आमच्याकडे," क्लार्क म्हणाला. "कुठं नोंदवू?"

"मग मी न्हाई पांघरणार. मन लागत न्हाई तिच्यात." मग त्यांनीच ती उचलली. "बरं, ऱ्हाऊ द्या. बघते मी."

निवृत्त होण्याच्या आदल्या थंडीत मी शेवटचा दौरा म्हणून त्यांच्या उपकेंद्रात गेलो. वाडीत सीताफळांचा बहर संपत आला होता, टोळ्या निघून गेल्या होत्या, वाडी निम्मी रिकामी. बाळं तोलायच्या काट्याचं पारडं पत्र्याचं असतं. थंडीत उघडं बाळ त्यात ठेवलं की किंचाळतं. सिस्टरनी त्या पारड्यात निळी शाल चौघडी करून अंथरली होती. काटा आधी शालीसकट शून्यावर आणलेला, तेही मी तपासून पाहिलं. सवय जात नाही.

"ह्या महिन्यात किती आली?" मी विचारलं.

"तीन," सिस्टर म्हणाल्या, आणि मी पुढचा प्रश्न विचारतो का, म्हणून माझ्याकडे बघत राहिल्या.

मी विचारला नाही. तीनच तर होती. मी काट्यापाशी उभा राहून रजिस्टरातली त्यांची वजनं तेवढी वाचली. तिन्ही चांगली होती.